पैनगंगेच्या पल्याडचा देश

मागच्या महिन्यात जर्मनीच्या नागरिकत्वाची परीक्षा दिली. 33 प्रश्न, 60 मिनिटं, 17 उत्तरं बरोबर आली की पास. तयारीच्या संचात एक प्रश्न होता: 1989 मध्ये पूर्व जर्मनीतल्या सोमवारच्या मोर्च्यांत लोक कोणती घोषणा देत होते? त्याचं उत्तर मला पाठ करावं लागलं नाही. ते मोर्चे माझ्याच गावचे, म्हणजे लाइपझिगचे. ज्या रस्त्यांनी ते गेले तिथूनच माझी ट्राम रोज जाते.

जून 2024 पासून इथे पाच वर्षं राहिलेल्या माणसाला नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो, आणि जुनं नागरिकत्व सोडा अशी जर्मनीची अटही आता राहिलेली नाही. अट आपल्याकडची आहे. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं त्याच दिवशी संपतं. पासपोर्ट परत द्यायचा, मग ओसीआय कार्ड मिळतं, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठीचं. त्यावर येणं-जाणं होतं, मतदान होत नाही. शेतजमीन वारशानं येऊ शकते, विकत घेता येत नाही. हे फोनवर सांगितलं तेव्हा धाकटा भाऊ बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हंजे ताई, आपल्याच वावराला लागून तुला एक गुंठाबी घेता येणार न्हाई?"

त्या रात्री झोप लागली नाही. आणि आठवत राहिले ते आबा, माझे आजोबा.

आमचं गाव हदगाव तालुक्यात, पैनगंगेच्या अल्याड. आबांचा जन्म हैदराबादच्या निजामाच्या राज्यातला. शाळेचा दाखला उर्दूत, त्यावर सन फसली, म्हणजे निजामाकडचं महसुली वर्ष. तहसिलीतले कागद उर्दूत, खिशातलं नाणं चारमिनारचं. ती हाली. नदीच्या पल्याड वऱ्हाडात इंग्रजांचा रुपया चाले, त्याला कळदार म्हणत. सात हाली दिल्या की सहा कळदार मिळत. आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण हा हिशोब ती शेवटपर्यंत तोंडावर करायची.

15 ऑगस्ट 1947 ला देश स्वतंत्र झाला तेव्हा आबा सतरा वर्षांचे होते आणि आमच्या गावात तिरंगा लावणं गुन्हा होता. हैदराबाद स्टेट काँग्रेसचे नेते स्वामी रामानंद तीर्थांनी 7 ऑगस्टपासून भारतात सामील होण्यासाठी सत्याग्रह पुकारला होता, आणि त्यांना अटक झाली. रझाकारांची, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र संघटनेची, दहशत वाढली तशी माणसं रात्री नदी ओलांडून उमरखेडला जाऊ लागली. तिथे स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांचा कॅम्प होता. आबांनी कॅम्पवर भाकरी पोचवल्या, निरोप पोचवले. बंदूक कधी हातात धरली नाही, असं ते स्वतःच सांगत. आजी त्या दिवसांबद्दल एकच वाक्य बोलायची: "नदीच्या पल्याड पाय टेकला की जिवात जीव यायचा, तवा कळलं देश म्हंजे काय."

शाळेत मला शिकवलं ते असं की देशावरचं प्रेम आईच्या दुधाबरोबर येतं. आबांच्या बाबतीत तसं झालेलं नाही. ज्या राज्यात ते जन्मले त्याचा झेंडा वेगळा, टपाल वेगळं, रेल्वे वेगळी. पलीकडच्या देशाला आपला म्हणायचं हे त्यांनी सतराव्या वर्षी ठरवलं, आणि त्यासाठी गाव सोडायची तयारी ठेवली. बाकीच्यांच्या मनात तो देश हळूहळू रुजला. कुणाच्या शाळेत उर्दूच्या जागी मराठी आली तेव्हा, कुणाच्या हातात कळदार आला तेव्हा, कुणाला पहिल्यांदा मत देता आलं तेव्हा. जुनं राज्य मात्र कागदांतून अजून निघालेलं नाही. आपल्याकडे जमिनीच्या वादात आजही खासरा पत्रक, म्हणजे हैदराबाद राज्यातली जमिनीची जुनी नोंद, काढावं लागतं, आणि मराठा आरक्षणासाठी 2025 मध्ये निजामकाळच्या हैदराबाद गॅझेटचा आधार घ्यावा लागला.

खालच्या मजल्यावर एक आजी राहतात, पंचाहत्तरीच्या. त्यांनी एकदा मला कॉफी पिताना सांगितलं, "मी आयुष्यभर याच गल्लीत राहिले. देश तेवढा निघून गेला." 9 ऑक्टोबर 1989 च्या संध्याकाळी सुमारे 70 हजार माणसं रस्त्यावर होती, त्यात त्याही होत्या. गोळीबार होईल ही भीती सगळ्यांना होती. तो झाला नाही. तेव्हा घोषणा होती, "वीर झिंट डास फोल्क", आम्हीच जनता आहोत. काही आठवड्यांतच त्यातला एक शब्द बदलला आणि "वीर झिंट आइन फोल्क" ऐकू येऊ लागलं, आम्ही एकच जनता आहोत. 'फोल्क' म्हणजे जनता आणि राष्ट्रही. पहिल्या घोषणेत माणसं सरकारकडे हक्क मागत होती, दुसरीत भिंतीपलीकडच्या माणसांना आपलं म्हणत होती. आजींनी पहिली मनापासून दिली. दुसरी द्यायला त्यांना वेळ लागला. 1 जुलै 1990 ला पश्चिमेचं नाणं आलं, 3 ऑक्टोबरला देश एक झाला, आणि त्या ज्या कारखान्यात होत्या तो पुढच्या वर्षी बंद पडला. मी त्यांना हाली आणि कळदारची गोष्ट सांगितली. त्यांनी तो दर दोनदा विचारून घेतला.

आता जे लिहायचं आहे ते मला जड जातं, पण ते टाळून हा विषय पुरा होत नाही.

इथे नागरिक होताना नाझी राजवटीच्या अत्याचारांबद्दलची जर्मनीची ऐतिहासिक जबाबदारी मान्य करावी लागते, ज्यूंच्या जीविताच्या रक्षणाची बांधिलकीही. मी नांदेड जिल्ह्यातली, माझ्या पूर्वजांचा त्याच्याशी संबंध नाही. तरी या देशाचं म्हणवून घ्यायचं तर त्याचा हाही भाग पदरात घ्यायचा, असं त्यांचं म्हणणं आहे आणि मला ते पटतं. आमच्या गल्लीत फुटपाथवर तीन पितळी चौकोन बसवलेत. ज्यांना त्या घरातून नेऊन मारलं त्यांची नावं त्यांवर आहेत. पाऊस पडला की चमकतात.

17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, आपण ध्वजवंदन करतो, हुतात्म्यांची नावं घेतो. बहिर्जी शिंदे, गोविंदराव पानसरे. ती घ्यायलाच हवीत, रझाकारांनी जे केलं ते विसरायचं कारण नाही. पण पोलीस ॲक्शननंतरच्या, म्हणजे सप्टेंबर 1948 मध्ये भारतीय फौजेने निजामाचं राज्य घेतल्यानंतरच्या, आठवड्यांत काय झालं ते आम्हाला कोणत्याच वर्गात कुणी सांगितलं नाही. भारत सरकारने नेमलेली पंडित सुंदरलाल समिती 1948 च्या अखेरीस फिरली. तिच्या अंदाजाने 27 ते 40 हजार माणसं मारली गेली, बहुतेक मुसलमान, आणि सर्वांत वाईट स्थिती ज्या चार जिल्ह्यांची होती ते उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. माझा जिल्हा. हे मी लाइपझिगच्या वाचनालयात बसून, वयाच्या चौतिसाव्या वर्षी वाचलं. ज्या मुक्तीचा मला अभिमान आहे ती यामुळे खोटी ठरत नाही. आबांनी ओलांडलेली नदी खरीच आहे. पण अभिमान माझा असेल तर हेही माझंच आहे, आणि पासपोर्ट बदलल्याने ते दुसऱ्या कुणाचं होणार नाही.

परवा 17 तारखेला सकाळी वडिलांनी शाळेतल्या झेंड्याचा फोटो पाठवला. मी फोन केला आणि विचारलं, "बाबा, ॲक्शनच्या साली आपल्या गावात काय झालं होतं?"

"रझाकार पळाले. मिलिटरी आली."

"त्याच्यानंतर?"

पलीकडे लाउडस्पीकरवर पोरांचं समूहगीत चालू होतं. बाबा शाळेच्या पटांगणातून बाहेर आले असावेत, आवाज लांब गेला.

"आपल्या गोठ्यामागं ती पडीक जागा हाय ना," ते म्हणाले, "तुम्ही लगोरी खेळायचे तिथं. तिथं चार घरं व्हती."

"कुणाची?"

"नावं म्हाईत हायत मला. आबांनी सांगून ठेवलीत. दिवाळीला ये, मंग सांगतो. फोनवर नको."

तिकीट काढलं आहे. अर्ज अजून टेबलावरच आहे.