दहा हात विहीर

मे महिना होता, धुळ्यात पारा ४४ च्या वर, आणि मी देवपूरमधल्या एका बंगल्यात सात फुटी फिशटँकच्या काठाशी स्टुलावर उभा राहून वीस लिटरच्या बादलीत पाण्याची धार पकडून बसलेलो. खाली माझा पोऱ्या मोबाईलवर सेकंद मोजून राहिला होता. बादली भरायला ९२ सेकंद लागले. म्हटलं परत मोज. परत तेच, एखाद सेकंद इकडेतिकडे.

फिशटँकचं दुकान मी १४ वर्षं चालवतोय. मासे विकण्यापेक्षा टँक बसवणं न धुणं हेच काम जास्त. पण एक कबूल करतो, तोपर्यंत मी जेवढे सम्प, म्हणजे टँकचं पाणी खाली येऊन गाळून पंपानं परत वर जातं त्या टाक्या, बसवले ते सगळे टँकच्या खालच्याच कपाटात, म्हणजे पाणी चढवायचं किती तर चार फूट, फार तर साडेचार. तेवढ्याला कुठलाही पंप चालून जातो, डोकं लावावं लागत नाही. या शेठनी मात्र हॉलमध्ये टँक आणि सम्प थेट तळघरात मागितला. कारण साधं, हॉलमध्ये आवाज नको, नळ्या दिसायला नको, आणि उन्हाळ्यात तळघर गार राहतं म्हणून पाणीही कमी तापेल. आयडिया चांगलीच होती हो. टँक ७ बाय अडीच बाय अडीच फूट, काठोकाठ धरला तर १२३९ लिटर, त्यात मलावी तळ्याचे सिक्लिड मासे सोडायचे होते. त्यांना जड पाणी लागतं, ते आपल्या बोअरला फुकटात मिळतं.

पंप शेठनी स्वतःच ऑनलाईन मागवलेला. खोक्यावर मोठ्या अक्षरात ८००० लिटर तासाला. मी पण खोकं बघितलं न म्हटलं बस झालं शेठ, १२०० लिटरच्या टँकला ८००० म्हणजे डोक्यावरून पाणी. ही माझी चूक, दुसऱ्या कोणाची नाही. कारण त्याच खोक्याच्या बाजूला बारीक अक्षरात H-मॅक्स ५ मीटर, म्हणजे पाणी जास्तीत जास्त तेवढं चढेल, असंही छापलेलं होतं आणि त्याचा अर्थ मला माहीत होता, फक्त त्या दिवशी तिकडे नजर गेली नाही.

९२ सेकंदात २० लिटर म्हणजे तासाला ७८० च्या आसपास. आठ हजारातले आठशे पण नाहीत! शेठ सोफ्यावरून बघून राहिले होते, म्हणाले भाऊ अजून हवा निघायची असेल. हवा कसली निघते.

त्यात शेठचा पुतण्या सुट्टीत आलेला, पुण्यात इंजिनिअरिंगला. तो म्हणे काका पंप खराब असणार, कारण जेवढं पाणी वरून खाली येतंय तेवढंच वर जातंय, खाली येणाऱ्याचा जोर वर जाणाऱ्याला मिळतो ना, मग पंपाला फक्त पाईपचं घर्षण सोसायचं असतं. बोलणं ऐकायला बरोबर वाटतं, आणि नळी दोन्हीकडून बंद असती तर बरोबरही होतं. पण सम्प उघडा आहे ना बाबा. वरून येणारं पाणी सम्पात धबाधबा पडलं की त्याचा जोर तिथेच संपला, पंपाला त्यातला पैसाही मिळत नाही, त्याला परत शून्यापासून चढवायचंय. पोरगा हुशार, लगेच गप्प झाला, पण तोंडावर काही पटलेलं दिसेना.

जेवायची वेळ झाली म्हणून काकूंनी बसवलं. शेवभाजी, कळण्याची भाकरी, कांदा. शेवभाजीचा रस्सा असा लाल की कपाळावर घाम, वर पंखा. मी दुसरी भाकरी चुरत होतो न पंखा बंद. लाईट गेली. उन्हाळ्यात त्याचं काय कौतुक, सगळे तसेच जेवत राहिले, मी पण. आणि पाचेक मिनिटांनी खालून काकूंची कामवाली ओरडली की तळघरात पाणी पाणी झालंय.

सांगतो काय झालं. परतीच्या, म्हणजे पंपातून वर जाणाऱ्या पाईपचं तोंड मी टँकमध्ये पाण्याखाली चार इंच ठेवलेलं, आवाज येऊ नये म्हणून. लाईट गेली, पंप थांबला, आणि भरलेला पाईप झाला सायफन, टँकमधलं पाणी उलटं पंपातून खाली सम्पात. सेंट्रिफ्युगल पंप बंद असला की तो काही दरवाजा नसतो, पाणी त्याच्यातून निवांत मागे जातं. सात बाय अडीच फुटाच्या टँकमधला एक इंच म्हणजे ४१ लिटर. चार इंचाचे झाले १६० च्या वर. आणि सम्प ३ बाय दीड बाय दीडचा, त्यात वरची सहा इंच जागा रिकामी, म्हणजे ६० न काहीतरी लिटरची सोय. उरलेलं शंभर लिटर गेलं फरशीवर. फरशीवर कोपऱ्यात काय, तर काकूंनी आठवडाभर गच्चीत वाळवून ठेवलेल्या बिबड्यांचे, म्हणजे ज्वारीच्या पापडांचे, चार डबे, एकाचं झाकण नुसतं ठेवलेलं. बाकी तिघं वाचले. त्या एका डब्याबद्दल काकू मला काही बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

मी पोतं घेऊन फरशी पुसतोय तेवढ्यात जिन्यावरून आप्पा उतरले. आप्पा म्हणजे शेठचे वडील, ऐंशीच्या पुढचे, साक्रीकडे शेती, अजून अहिराणीच बोलतात. पाण्यातून चप्पल वाचवत आले न म्हणाले, "का व्हयनं रे भो?" मी सांगितलं पाणी वर चढत नाही आप्पा, न उतरलं तर असं उतरतं. त्यांनी विचारलं, "तुना पंप कितला मीटरना शे?" म्हटलं पाच. "अन् ईहीर कितली खोल शे?"

मला एक मिनिट कळेना कुठली विहीर. मग लख्ख पेटलं.

त्यांनी पुतण्याला वर पाठवून सुतळी आणवली, तिच्या टोकाला माझाच पाना बांधला न ज्या भोकातून पाईप खाली आणलेला त्याच्यातून वरून सोडायला लावली. पाना सम्पातल्या पाण्याला टेकला की मी खालून हो म्हणायचं, वर पुतण्यानं टँकच्या पाण्याच्या रेषेशी गाठ मारायची. मग आप्पांनी ती सुतळी कोपरापासून बोटापर्यंत हातावर मोजली. एक, दोन, तीन... बरोबर दहा. "दहा हात ईहीर शे भो."

दहा हात म्हणजे १५ फूट, म्हणजे ४.५७ मीटर. आणि पंप जास्तीत जास्त ५ मीटरचा, तोही पाच मीटरवर पाणी देणार शून्य, नुसता पाईपात उभा धरून ठेवणार. खोक्यावरचे ८००० हे पंपाच्या तोंडाशीच पाणी सोडलं तर, उंची काहीच नसताना. मधल्या प्रत्येक उंचीला किती मिळेल ते पंपाच्या आलेखावर असतं, पण आलेख कोण बघतं, मी पण नव्हता बघितला. शेतकरी माणूस मात्र विहिरीवर मोटर बसवताना आधी हेड, म्हणजे पाणी चढवायची उंची, विचारतो न मग बाकीचं. साधी गोष्ट, मी १४ वर्षं धंद्यात असून मला सुतळीनं शिकवावी लागली.

आप्पा पुढे म्हणाले ते मला फार आवडलं. पांझरा नदीवर त्यांच्याकडे फडाची पद्धत, बंधाऱ्याचं पाणी पाटानं उतारावरून आपोआप फडात जातं, मोटर नाही की बिल नाही. म्हणाले तुझं खाली येणारं पाणी म्हणजे फड, त्याला काही लागत नाही. वर जाणारं म्हणजे विहीर, त्याला पैसा लागणारच. पुतण्या शेजारीच उभा होता, त्याला माझ्यापेक्षा हे लवकर पटलं.

मी मध्येच म्हटलं एनआरव्ही (एकतर्फी व्हॉल्व्ह) टाकतो, म्हणजे पाणी मागे येणार नाही. आप्पांनी हात झटकला, "फुटवॉलमा काडी अटकनी का पानी उतरी जास." खरंय ते. व्हॉल्व्हमध्ये शेवाळ बसतं, एखादी गोगलगाय अडकते, आणि ज्या दिवशी घरी कोणी नसतं नेमका त्या दिवशी तो उघडा राहतो. शिवाय थोडं हेड खातो ते वेगळंच.

त्या रात्री दुकान बंद करून कागद घेऊन बसलो. आधी ठरवलं की आठ-दहा हजार लिटरचा नाद सोडायचा. लोक म्हणतात टँकचं पाणी तासाला दहा वेळा फिरलं पाहिजे, अरे पण पंधरा फूट उंचीवर दहा वेळा म्हणजे विजेचं मीटर पण तसंच फिरणार. सम्पातून चार वेळा बस झालं, टँकच्या आतला प्रवाह हवा असेल तर आत एक वेव्हमेकर लावा, तो थोड्या वॅटमध्ये पाणी ढवळतो कारण त्याला काही चढवायचंच नसतं. म्हणजे लागणार ५००० लिटर. आता पाईप. माझा एक इंची होता, सगळा मिळून ३३ फूट, म्हणजे दहा मीटर. ५००० लिटर त्यातून ढकलायचं तर घर्षणातच दोन मीटरच्या वर हेड जातं, तेच दीड इंचीत अर्ध्या मीटरच्या आत. आडवा पाईप कितीही लांब असो उंची वाढत नाही, फक्त घर्षण वाढतं, न ते मारायला जाड पाईप हाच स्वस्त इलाज. एल्बो पण कमी केले, जिथे जमलं तिथे काटकोनाऐवजी ४५ चे दोन. सगळं धरून पंप असा शोधायचा की जो साडेपाच मीटरवर ५००० देईल, H-मॅक्स काहीही असो.

शेठ म्हणाले अर्धा एचपीची मोनोब्लॉक लावून टाक, घरात पडलीय. लावता आली असती, चढवलं पण असतं पाणी. पण ती गच्चीची टाकी भरायला असते, अर्धा तास चालली की बंद. ही चोवीस तास, ५०० वॅट धरले तरी दिवसाला १२ युनिट, वर बीडाची बॉडी गंजून पाण्यात उतरणार, न आवाज असा की तळघर सोडा शेजारी विचारतील. शेवटी २५० वॅटचा मॅग्नेटिक ड्राईव्हचा पंप घेतला, शाफ्टला सील नाही म्हणून गळायचा प्रश्न नाही. दिवसाचे ६ युनिट. आणि तो पाण्यात न बुडवता सम्पाच्या बाहेर, पाण्याच्या पातळीखाली बसवला, म्हणजे पाणी आपोआप पंपात भरलेलं राहतं न मोटरची बरीचशी गरमी तळघराच्या हवेत जाते. धुळ्याच्या मे महिन्यात पाण्यात २५० वॅटचा हिटर कोण बुडवेल? दोन्हीकडे युनियनचे जोड, सोडवायला सोपं. वॉल्व्ह डिलिव्हरीच्या बाजूला, पाणी कमी करायचं तर तिथूनच, सक्शन कधी आवळायचं नाही.

सम्प पण बदलला, ४ बाय २ बाय २ चा, पाणी फूटभरच. त्याचा फरकाचा पैसा मी घेतला नाही. परतीच्या पाईपचं तोंड अर्ध्या इंचावर आणलं न रेषेच्या जरा खाली एक बारीक भोक पाडलं, पाणी तेवढं उतरलं की भोकातून हवा घुसते न सायफन तुटतो. ते भोक शेवाळानं बुजतं, महिन्याला टाचणी घालायची, हे शेठना दोनदा सांगितलं, काकूंना एकदाच.

आठ दिवसांनी चालू केलं. परत तीच बादली, तोच पोऱ्या. १६ सेकंद. तासाला साडेचार हजार, पाच नाही, पण मी खूश.

मग मी मेनचं बटण मुद्दाम बंद केलं न सगळे तळघरात जमलो. आप्पा खुर्ची टाकून बसले. टॉर्चच्या उजेडात सम्पातलं पाणी चढायला लागलं, एक इंच, दोन, काकूंनी बिबड्यांचे तीन डबे आधीच वर नेऊन ठेवलेले तरी पदर तोंडाला. तीनच्या पुढे जरा हळू झालं, वरून सुर्रर्र असा हवा ओढल्याचा आवाज आला, न चार इंचाला पाणी थांबलं. आप्पांनी खिशातून खडू काढला, काचेवर पाण्याच्या रेषेशी खूण करायला गेले, खडू ओल्या काचेवर उठेना. मग पुतण्यानं मार्कर आणला.