रविवार : जीपचे ब्रेक आणि पेडलवरचं माणूस

पावसाळाभर उभी राहिलेली जुनी महिंद्रा जीप. पेडल खाली जातंय, मागचं डावं चाक आतून ओलं आहे. चारही चाकांना ड्रम ब्रेक : चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला आतून लायनर, म्हणजे घर्षणाचा थर, दाबला जातो. हे काम एकट्याने होत नाही. पेडलवर घरातलं कुणीतरी लागतंच, आणि आज तिथे बाबा बसणार.

चाक उचलण्याआधी एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना माहीत हवी. या जीपचा हँडब्रेक मागच्या चाकांवर नसतो. जुन्या अमेरिकन विलीज जीपपासून चालत आलेली रचना आहे ती : ट्रान्सफर केसच्या, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना शक्ती वाटणाऱ्या गिअरपेटीच्या, मागे एक छोटा ड्रम असतो आणि तो प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलकडे जाणारा दांडा, धरून ठेवतो. मागचं एकच चाक हवेत गेलं की डिफरन्शियलमुळे (दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारी गिअरजोडणी) ते उलटं फिरायला मोकळं होतं आणि जमिनीवरचं चाक गडगडतं. हँडब्रेक ओढलेला, गिअर टाकलेला, तरी गाडी जॅकवरून सरकते. म्हणून आधी पुढच्या दोन्ही चाकांना दोन्हीकडून ठोकळे, मग अ‍ॅक्सलखाली स्टँड, आणि त्यानंतरच चाकाला हात. काही जुन्या जीपना डावीकडच्या नटांचे आटे उलटे असतात. ते न बघता पान्ह्यात पाइप घालून जोर लावला की स्टड, म्हणजे नट बसतो तो बोल्ट, तुटतो.

ड्रम निघत नसेल तर हातोड्याने ठोकत बसू नये. ड्रम झिजून काठाला कड आलेली असते, तिच्यात लायनर अडकतं. लायनर आणि ड्रममधलं अंतर ठरवणारा अ‍ॅडजस्टर ढिला केला की सुटतं. आतली धूळ फुंकायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, त्यामुळे या वेळी मुलं अंगणात नकोत.

ओलं कशाने झालंय ते बोटावर कळतं. गिअर ऑइल जाडसर असतं, त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. तसं असेल तर अ‍ॅक्सलचं ऑइल सील गेलं. ब्रेक ऑइल पातळ असतं आणि जिथे सांडतं तिथला रंग उचलतं. आज व्हील सिलिंडरचं (चाकातला, तेलाच्या दाबाने लायनर ढकलणारा) रबरी बूट उचललं आणि पातळ थेंब ओघळला, म्हणजे आतले कप, तेल अडवणारे रबरी सील, गेलेत. बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, नख लावून पाहायचं. खड्डे लागले तर नुसतं रबरांचं किट घालून उपयोग नाही, नवे कप पुन्हा गळतात, सिलिंडरच बदलावा. तेलाने भिजलेलं लायनर रॉकेलने धुऊन परत लावतात, ते करू नये. तेल आतपर्यंत मुरलेलं असतं, तापलं की पुन्हा वर येतं आणि गाडी एका बाजूला ओढते. लायनर मागच्या दोन्ही चाकांचे जोडीनेच बदलायचे.

ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढण्याआधी अ‍ॅडजस्टर. लायनर घासेपर्यंत आवळायचा, मग चाक मोकळं फिरेल इतकाच मागे घ्यायचा. हे राहून गेलं की पेडल खोल जातं आणि माणूस तासभर नसलेली हवा शोधतो. पेडल स्पंजासारखं लागलं तर हवा आहे. दुसऱ्या दाबाला वर येऊन घट्ट झालं तर अ‍ॅडजस्टर ढिला आहे. पाय ठेवून धरल्यावर हळूहळू खाली गेलं आणि बाहेर कुठे गळती नसेल, तर मास्टर सिलिंडरचे (पेडलने तेलावर दाब देणारा मुख्य सिलिंडर) कप बदलायचे.

मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाशी, म्हणून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात : मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. चाकामागच्या हवा काढायच्या निपलवर पारदर्शक नळी, तिचं दुसरं टोक बाटलीतल्या ब्रेक ऑइलमध्ये बुडलेलं.

"बाबा, दाबा." 
"दाबलं."
पाव फेरा निपल उघडायचा, नळीतून बुडबुडे जातात.
"धरलंय ना?" 
"धरलंय." 
निपल बंद. "सोडा."

"सोडा" ऐकल्याशिवाय पाय उचलायचाच नाही. निपल उघडं असताना पाय उचलला की आट्यांच्या फटीतून हवा आत ओढली जाते आणि आधीची सगळी मेहनत वाया जाते. भराभर पंप मारला तर तेलाला फेस येतो. पेडलखाली लाकडाची फळी ठेवावी. जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये कप रोज जिथवर जातो त्याच्या पुढचा भाग गंजलेला असतो, पेडल तळापर्यंत गेलं की कप त्यावरून घासून फाटतो. दर पाच-सहा दाबांनी ब्रेक ऑइलची टाकी बघायची. ती रिकामी झाली तर पुन्हा पहिल्या चाकापासून.

ब्रेक ऑइल सीलबंद बाटलीतलंच घ्यावं. ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट ३ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) नवं असताना निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरल्यावर हीच मर्यादा १४० वर येते. घाटात ब्रेक तापले की आत वाफ होते आणि पेडल पोकळ लागतं. नळीतून निघालेलं तेल परत टाकीत ओतू नये.

शेवटी पेडलचा मोकळा खेळ, साधारण अर्धा इंच. तो नसेल तर मास्टर सिलिंडरमधलं परतीचं छिद्र कपाखाली झाकलेलं राहतं, तेल मागे येत नाही आणि चालता चालता ब्रेक धरून बसतात.

संध्याकाळी रिकाम्या सपाट रस्त्यावर २० च्या वेगाने चार-पाचदा ब्रेक लावून पाहिले. गाडी सरळ थांबते. ड्रमजवळ हात नेला तर चारही सारखेच कोमट. रात्री चारही चाकांखाली पुठ्ठे ठेवलेत, सकाळी डाग बघायचे.