हौद्यात काय भरता, ते आधी सांगा : आमची वाटचाल

रत्नागिरीच्या मिरजोळे एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये आज पिकअपच्या हौद्याला लायनर, म्हणजे पत्रा वाचवणारं आतलं अस्तर, करण्याचं काम चालतं. सुरुवात झाली ती वडिलांच्या वेल्डिंग मशीनपासून. फाळक्याच्या बिजागऱ्या, तुटलेले हूक, कुजलेल्या पत्र्याला ठिगळ, ही त्यांची रोजची कामं. मिरकरवाडा बंदरावरच्या गाड्या तर हक्काचं गिऱ्हाईक होत्या. बर्फाचं खारं पाणी हौद्याच्या कोपऱ्यात साचायचं, सांध्यात मुरायचं आणि नवी कोरी गाडीसुद्धा थोड्याच वर्षांत ठिगळाला यायची. वडील रेडऑक्साइडचे दोन हात द्यायचे, खालून डांबर फासायचे. तेवढ्यावर भागायचं, पण गाडीवाल्याचे हप्ते फिटायच्या आत हौदा जायचा, याचं त्यांना मनापासून वाईट वाटायचं.

डिप्लोमा करून मी शेडमध्ये आले, तेव्हा ठिगळ लावण्याऐवजी ते लावायची वेळच येऊ नये असं काम करायचं, हे ठरवूनच आले. वडिलांचा त्याला पहिल्या दिवसापासून पाठिंबा होता.

तेव्हा बाजारात सगळ्यात सोपी मिळणारी वस्तू म्हणजे प्लॅस्टिकचा तयार लायनर. एचडीपीई नावाच्या जाड प्लॅस्टिकचा साचेबद्ध टब, हौद्यात ठेवायचा, चार स्क्रू मारायचे, झालं. गिऱ्हाइकाला तो आवडतो, कारण दिसायला झकास आणि पाऊण तासात गाडी मोकळी. आम्ही तो विकत नाही. कारण सांगण्यापेक्षा दाखवणं सोपं म्हणून शेडमध्ये एका गाडीच्या हौद्याचा कापून काढलेला तुकडा ठेवला आहे. वरून टब धडधाकट होता. तो उचलला तेव्हा खाली तपकिरी पाणी आणि मासळीचे खवले. हौद्याचा तळ नालीदार असतो. त्याच्या प्रत्येक उंचवट्यावर, जिथे प्लॅस्टिक टेकत होतं नेमकं तिथेच, रंग घासून गेलेला आणि गंजाचे पापुद्रे सुटलेले. खाचांमधला रंग बराचसा शाबूत होता. गाडी चालते तसा टब हादरतो, मध्ये अडकलेली रेती पॉलिश पेपरचं काम करते आणि उघड्या पडलेल्या पत्र्यावर खारं पाणी बसून राहतं. स्क्रूची भोकं हा आणखी एक दरवाजा. कोरड्या मुलखात, सुका माल भरणाऱ्या गाडीला हा टब चालेलही. कोकणात, जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि बाकीचे महिने हवेत मीठ असतं, तिथे नको.

लायनरची निवड वरच्या माराकडे बघून केली जाते. माझं मत असं की पहिला प्रश्न खालच्या पाण्याचा आहे. पाणी लायनरखाली शिरणारच नसेल किंवा शिरलेलं पाणी सहज बाहेर पडत असेल, तरच तो लायनर पत्रा वाचवतो. नाहीतर तो फक्त गंज झाकतो.

म्हणून आमच्याकडे गाडी आली की नमुने दाखवायच्या आधी बोलणं होतं. "ताई, रबर टाका नि सोडा मला," असं म्हणणारे बरेच असतात. "दादा, काल काय भरलं होतं? आणि पुढच्या महिन्यात काय भरणार?" हे विचारल्याशिवाय आम्ही दर सांगत नाही. कारण आपल्याकडे एकच गाडी सप्टेंबरपासून मासळी ओढते, मार्चपासून हापूस वाशीला नेते आणि मध्ये कुणाचं घर निघालं तर चिऱ्याच्या खेपाही मारते. तिन्ही मालांच्या मागण्या वेगळ्या.

चिऱ्याचं आधी सांगते, कारण तिथे आम्ही महागडं स्प्रेचं काम, म्हणजे पत्र्यावर फवारून बसवायचा लायनर, नाकारतो. जांभ्या दगडाचा चिरा तीस-पस्तीस किलोच्या घरात असतो आणि भरताना तो ठेवला जात नाही, टाकला जातो. टोकदार कोपरा बसला की स्प्रेचा कुठलाही थर कापला जातो. अशा गाडीला कन्व्हेअर बेल्टचा जुना पट्टा सगळ्यात उत्तम. नायलॉनच्या पदरांचा, दहाएक मिलिमीटर जाड, मार शोषणारा. तो आम्ही चिकटवत नाही, बोल्टही मारत नाही. कडेच्या पट्टीखाली सरकवून ठेवतो, म्हणजे आठवड्याला उचलून खालचा तळ धुता येतो. फक्त तेलाचे डबे, डिझेल नेणाऱ्यांनी रबराची जात विचारून घ्यावी. नैसर्गिक रबर तेलाने फुगतं, नायट्राइल नावाचं कृत्रिम रबर टिकतं.

लोखंडी चेकर प्लेटचा, म्हणजे उठावाची नक्षी असलेल्या जाड पत्र्याचा, आग्रह जुन्या ड्रायव्हरांचा. मजबुतीबद्दल वाद नाही, वजनाबद्दल आहे. नऊ फूट लांब, साडेपाच फूट रुंद हौदा धरला तर तळ साडेचार चौरस मीटरच्या थोडा वर जातो. तीन मिलिमीटरचा साधा लोखंडी पत्राही चौरस मीटरला साडेतेवीस किलो भरतो. म्हणजे नुसत्या तळाला शंभर किलोच्या वर वजन, आणि तेवढे आंब्याचे चार-पाच क्रेट प्रत्येक खेपेला कमी. शिवाय प्लेट वेल्ड केली की खालचा मूळ रंग जळतो आणि गंजाला तिथूनच सुरुवात होते. ॲल्युमिनियमची प्लेट हलकी, एक तृतीयांश वजनाची, पण मासळीच्या गाडीला अजिबात नको. लोखंड आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकले आणि मध्ये खारं पाणी आलं की ॲल्युमिनियम झिजतं. बोल्टभोवती पांढरी भुकटी दिसायला लागते ती हीच.

मासळी आणि आंबा एकाच गाडीतून नेणाऱ्यांसाठी आम्ही पॉलियुरियाच्या, म्हणजे फवारल्यावर रबरासारखा घट्ट होणाऱ्या प्लॅस्टिकच्या, स्प्रेकडे वळलो, आणि आमची खरी वाटचाल इथून सुरू झाली. सांधा नसलेला, पत्र्याला धरून बसलेला थर. खाली पाणी शिरायला जागा नाही, वास मुरायला फट नाही. मासळीचा वास राहिलेल्या हौद्यात कुठलाच बागायतदार आपल्या पेट्या चढवू देत नाही, त्यामुळे हौदा धुऊन स्वच्छ होणं हा इथे थेट पोटाचा प्रश्न आहे. वजन म्हणाल तर अडीच मिलिमीटरचा थर तळाला बारा-तेरा किलो.

आधी आम्ही रोलरने लावायचं पॉलियुरेथेन आणि त्यात रबराचा चुरा, असं काम करत होतो. मग मुद्रा योजनेतलं कर्ज आणि आईने मोडलेली ठेव, अशी जुळवाजुळव करून मशीन घेतलं. दोन ड्रममधली दोन रसायनं सत्तर अंशांच्या आसपास तापवून, दोन हजार पीएसआयच्या दाबाने बंदुकीच्या तोंडाशी एकत्र येतात आणि काही सेकंदांत पत्र्यावर घट्ट होतात. शेवटचा हात लांबून मारला की पृष्ठभाग दाणेदार होतो. दाणा किती ठेवायचा हेही मालावर ठरतं: क्रेट घसरू नयेत म्हणून दाणा हवा, पण मासळीच्या गाडीला बारीकच, नाहीतर खवले अडकतात आणि ब्रश झिजतात.

यातल्या एका रसायनाचं नाव आयसोसायनेट. त्याची वाफ छातीत गेली तर दमा जडू शकतो, आणि एकदा शरीराने ते मनावर घेतलं की पुढे अगदी थोड्या वाफेनेही त्रास होतो. म्हणून स्प्रे मारणारा मुलगा बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा घालूनच आत जातो आणि तेव्हा शेडमध्ये दुसरं कुणी थांबत नाही, गाडीमालकही नाही. साधा रुमाल बांधून हे काम कमी दरात करून देणारे असतात. त्यांच्या दराशी आम्ही स्पर्धा करणार नाही.

सगळ्यात मोठी अडचण मात्र मशीनची नव्हती, मोसमाची होती. पश्चिम किनाऱ्यावर मासेमारीची बंदी १ जून ते ३१ जुलै. मासळीच्या गाड्या रिकाम्या असतात त्या नेमक्या तेव्हा, आणि तेव्हाच आपल्याकडची हवा ओलीचिंब. ओलाव्याने पॉलियुरेथेनमध्ये बुडबुडे धरतात. पॉलियुरिया त्या बाबतीत बरंच सोशिक, पण स्प्रेआधी ग्राइंडरने घासून उघडा केलेला पत्रा सोशिक नसतो. बघता बघता त्यावर लालसर छटा येते, आणि त्यावर मारलेला थर पुढे सोलून निघतो.

यावर इलाज म्हणजे धीर आणि थर्मामीटर. हवा २७ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असेल तर दव धरण्याचा बिंदू, म्हणजे ज्या तापमानाला पत्र्यावर दव धरतं ते, २५ अंशांच्या आसपास येतो. पत्रा त्याहून निदान तीन अंश गरम हवा. पावसातून आलेल्या गाडीचा पत्रा २६ दाखवतो, डोळ्यांना कोरडा दिसतो, हाताला कोरडा लागतो, तरी काम सुरू होत नाही. आम्ही शेडचा एक भाग पत्र्याने बंदिस्त केला, आत हवा कोरडी करणारं यंत्र बसवलं, गाडी रात्रभर आत उभी ठेवतो आणि सकाळी चारही कोपरे मोजूनच ग्राइंडर हातात घेतो. त्यामुळे एका गाडीला दोन दिवस लागतात. "शेजारचा संध्याकाळी देतो," हे रोज ऐकायला मिळतं. कोपरे मोजल्याशिवाय आम्ही तरीही पुढे जात नाही.

दोन गोष्टी आम्ही गिऱ्हाइकाला आधीच सांगतो. नेहमीचा काळा थर उन्हाने फिका पडतो. रंग टिकवणारा प्रकार मिळतो, पण तो महाग, आणि कामाच्या गाडीला त्याची गरज नाही. दुसरं, लायनरसोबत हौद्याची उंची वाढवून द्या म्हणणाऱ्यांना आमचा नकार असतो. नोंदणी प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय गाडीत असा बदल १९८८च्या मोटार वाहन कायद्याला चालत नाही, आणि पासिंगला त्रास गाडीवाल्यालाच होतो.

वडील आता वेल्डिंग करत नाहीत. पण जुन्या गाडीचा हौदा आला की हातोडी घेऊन तेच तळ वाजवून बघतात. खणखणीत आवाज आला तर स्प्रे, बद्द आला तर तेवढा पत्रा कापून आधी नवा. कुजलेल्या पत्र्यावर लायनर मारायचा नाही हा नियम त्यांचाच, आणि त्यात सवलत नाही.

बंदीच्या दिवसांसाठी मासळीच्या गाड्यांची नावं आम्ही मे महिन्यातच लिहून घेतो. येण्याआधी हौदा गोड्या पाण्याने, प्रेशरने, दोन वेळा धुऊन आणा. मीठ राहिलेल्या पत्र्यावर ग्राइंडर चालवला की ते आणखी आत बसतं आणि पुढे थराला फोड येतात. पाणी निघायची भोकं काडी घालून मोकळी करा. आणि शेवटच्या खेपेला काय भरलं होतं, तेवढं लक्षात ठेवून या.