पारंपरिक धनुष्यासाठी आडोसा आणि भाता: आधी टेप, मग खरेदी

दुकानात ‘ब्लाइंड’ म्हणून मिळणारे घडीचे तंबू मुळात अमेरिकेत हरणं आणि टर्कीच्या शिकारीसाठी बनतात, आणि त्यांतले बहुतेक कंपाउंड (टोकांना चाकं असलेलं) धनुष्य डोळ्यांसमोर ठेवून बेतलेले असतात. कंपाउंड 30 ते 33 इंचांचं. आपला लाँगबो (लांब, साधं धनुष्य) 66 ते 70 इंचांचा, रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं) 58 ते 64 चा. हा फरक पाकिटावर कुठेच लिहिलेला नसतो. तंबू उघडून, स्टूल ठेवून पहिला बाण ओढला की कळतं, धनुष्याचं वरचं टोक छताला टेकतंय.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट स्पष्ट हवी. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 9 नुसार आपल्याकडे शिकारीला बंदी आहे, आणि शिकारीच्या व्याख्येत प्रयत्नसुद्धा येतो. ‘शस्त्र’ या शब्दात धनुष्यबाण नाव घेऊन धरलेला आहे. अभयारण्यात शस्त्र नेण्यावर कलम 31 ची बंदी आहे. गोव्यातल्या सत्तरी, धारबांदोडा आणि सांगे तालुक्यांत बराचसा डोंगर म्हादई, नेत्रावळी, भगवान महावीर या अभयारण्यांच्या हद्दीत येतो, तेव्हा ‘रान आमच्या घरामागेच आहे’ म्हणून धनुष्य घेऊन आत शिरायचं नाही. इथे जे लिहितोय ते अभयारण्याच्या हद्दीबाहेरच्या स्वतःच्या कुळागरात (पोफळीच्या बागेत), फोमच्या प्राण्यांवर किंवा गवताच्या गठ्ठ्यांवर, बिनधारेच्या टोकांनी करायच्या सरावाबद्दल. थ्रीडी, म्हणजे फोमच्या प्राण्यांवर नेम धरायच्या स्पर्धेत लाँगबो आणि पारंपरिक गटाला जास्तीत जास्त 30 मीटरवरून नेम धरायचा असतो आणि अंतर सांगितलेलं नसतं. बसून, अडचणीत, खिडकीतून बाण सोडायची सवय त्या कामाला फार उपयोगी पडते.

आता माप. 40 सेंमी उंचीच्या स्टुलावर बसलं की बाण जमिनीपासून साधारण 100 सेंमीवर येतो. 62 इंची रिकर्व्हची अर्धी लांबी 79 सेंमी. धनुष्य उभं धरलं तर वरचं टोक 179 सेंमीवर जाईल. पारंपरिक पद्धतीने 30 अंश तिरपं धरलं तर ते 168 वर उतरतं. 68 इंची लाँगबोचं हेच गणित तिरप्या धरणीतही 175 च्या आसपास जातं. छोट्या दोन-माणशी ब्लाइंडची उंची बऱ्याचदा 66 इंच, म्हणजे 168 सेंमीच असते, आणि तीही मध्यभागी. धनुष्य मध्यभागी नसतं. ते तुमच्या हातभर पुढे, खिडकीजवळ असतं, आणि तिथे छत उतरतं झालेलं असतं. म्हणून उंची मोजायची ती धनुष्य जिथे येणार तिथली. दोरी ओढल्यावर टोकं आत वळतात आणि सगळं ठीक वाटतं. बाण सुटताच ती परत पुढे-वर येतात आणि तेव्हा कापडाला लागतात. बाण भलतीकडे जातो आणि नेमबाज हाताला दोष देत बसतो. टोक आणि छत यांत किमान 10 सेंमी मोकळे ठेवा, 15 असले तर उत्तम. लाँगबोवाल्यांनी मध्ये 80 इंच उंचीचा ब्लाइंड बघावा, नाहीतर बिनछताचा आडोसा करावा. त्याबद्दल पुढे.

तळाचं मापही तितकंच महत्त्वाचं. पूर्ण ओढल्यावर धनुष्यापासून मागच्या कोपरापर्यंत जवळजवळ 100 सेंमी होतात. धनुष्य खिडकीपासून 30 सेंमी आत आणि कोपरामागे 15 सेंमी धरले की 145 झाले. 58 इंची तळ असलेला ब्लाइंड 147 सेंमीचा असतो, म्हणजे सुई टोचायला जागा नाही. 70 ते 75 इंची तळ घ्या. छोटाच हातात असेल तर कोपऱ्यात बसून समोरच्या कोपऱ्याच्या खिडकीतून सोडा. कर्णावर 2 मीटर मिळतात.

नवशिके सगळ्यात जास्त फसतात ते खिडकीत. ओठाच्या कोपऱ्याशी बोट टेकवलं की बाण डोळ्याच्या सुमारे 10 सेंमी खाली असतो. डोळ्याला लक्ष्य पूर्ण मोकळं दिसतं, पण बाण खिडकीच्या खालच्या काठावर जाऊन आदळतो. पारंपरिक धनुष्यावर साइट (नेम धरायची खूण) नसते, नजर थेट लक्ष्यावर असते, त्यामुळे हे आधी लक्षातही येत नाही. सुटलेला बाण सरळ दांड्यासारखा जात नाही, तो डावी-उजवीकडे लवतो. धनुष्य तिरपं असेल तर हे लवणंही तिरपं होतं. बाणाच्या चारी बाजूंना एक मूठ बसेल इतकी जागा हवी. खिडकीचा खालचा काठ 80 सेंमीच्या खाली जाईल असा ब्लाइंड निवडा, आणि कुळागराच्या पायऱ्या-पायऱ्यांवरून खालच्या कुणग्यात (वाफ्यात) नेम धरायचा असेल तर आणखी खाली. जाळीतून बाण मारता येतो असं जाहिरातीत म्हणतात. आपल्या 4-5 इंची पिसांसाठी ते खरं नाही. पिसं जाळीत अडकून फाटतात. जाळी काढूनच टाका.

आत बसणाऱ्याने काळा सदरा घालावा आणि पाठीमागची खिडकी बंद ठेवावी. मागून उजेड आला की हातांची प्रत्येक हालचाल बाहेरून सावलीसारखी उठून दिसते. हाच ब्लाइंड पक्षी बघायला वापरणार असाल तर हा नियम दुप्पट लागू.

ब्लाइंडबरोबर येणाऱ्या बारीक खुंट्या गोव्यात कामाच्या नाहीत. जांभ्या दगडाच्या जमिनीत त्या पहिल्याच घावाला वाकतात. 8 मिमीच्या सळीचे 10 इंची तुकडे कापून घ्या, आणि जिथे तेही शिरत नाहीत तिथे प्रत्येक कोपऱ्याला रेतीची 5 किलोची पिशवी बांधा. दुपारी समुद्रावरचा वारा सुटला की सैल कापड फडफडतं आणि दोरीला येऊन लागतं, म्हणून पोफळीला दोर ताणून बांधलेले बरे. ओला ब्लाइंड घडी करून ठेवला तर आपल्या दमट हवेत काही दिवसांत बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि पुढे आतलं लेपन चिकट होऊन सोलायला लागतं. दोन दिवस सावलीत पूर्ण वाळवूनच घडी करा. पावसाळ्याचे चार महिने तो माळ्यावर, हवेशीर, पिशवीबाहेर राहू दे.

एक इशारा. सत्तरीत 2015 पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत आणि तो गोचिडांमुळे पसरतो. दिवाळीनंतर ते पाऊस लागेपर्यंत पातेऱ्यावर (गळलेल्या पानांवर) थेट बसू नका. आडोशातली जागा खराट्याने झाडून मातीपर्यंत मोकळी करा, विजारीचे पाय मोज्यात खोचा, घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाका. उभा ठेवलेला ब्लाइंड सकाळी आत शिरण्याआधी काठीने खालून उचलून बघा. घोणस आणि फुरसं दोघांनाही अशी सावली आवडते.

माझं स्पष्ट मत विचाराल तर लाँगबोसाठी चुडतांचा आडोसा विकतच्या तंबूपेक्षा सरस आहे. माडाच्या चुडतांचे विणलेले झाप, 4 फूट उंच, तीन बाजूंना. मागे काळं कापड. छत नाही, त्यामुळे वरचा प्रश्नच मिटतो. समोरच्या झापात 80 सेंमीच्या खाली उतरणारी एक हातभर रुंद खाच कापा. हिरवी चुडतं आठवड्याभरात तपकिरी होतात आणि सुकली की कोपर लागताच करकरतात. म्हणून आतल्या बाजूने कोपराच्या उंचीवर जुन्या साडीची पट्टी बांधा. एका पावसात झाप कुजतात, पण तेव्हा तसाही सराव थांबलेला असतो.

भाता ठरवायचा तो याच आडोशात बसून. पाठीवरचा भाता चालताना झोकदार दिसतो, पण छताखाली बाण उपसताना कोपर आणि नॉक (बाणाची दोरीत बसणारी खाच) दोन्ही कापडात अडकतात. आणि स्टुलावर बसलं की तो पाठीमागून जमिनीला टेकून वर सरकतो. उभ्याने फिरून मारायच्या सरावाला मात्र तो छान. 29 इंची बाणांना 21-22 इंच खोल घ्या आणि तळाला फोमचा तुकडा घाला, नाहीतर टोकं शिवण फाडून बाहेर येतात आणि चालताना बाण खुळखुळतात.

धनुष्याला बसणारा भाता हलका आणि हाताशी, पण त्याने धनुष्य एका बाजूला जड होतं आणि खिडकीत रुंदी वाढते. सरावाला तोच लावायचा ठरवलात तर प्रत्येक वेळी लावूनच मारा. कधी लावून, कधी काढून असं केलं की नेम सरकतो. पकडीचं रबर बाणाच्या जाडीशी जुळायला हवं. लाकडी बाण 11/32 इंची, म्हणजे 8.7 मिमी, कार्बनचा 7.5 च्या आसपास, आणि बारीक जातीचे त्याहूनही कमी. लाकडी बाणाचं रबर कार्बनला ढिलं पडतं आणि कार्बनचं रबर लाकडी बाणाला इतकं आवळतं की ओढताना रबरच चिरतं.

आडोशात बसायला सगळ्यात सोयीचा जमिनीत रोवायचा भाता: एक सळी, वर दोन कड्या. जांभ्यावर त्याऐवजी रेती भरलेल्या डब्यात पीव्हीसी नळीचे तीन तुकडे उभे करा. उजव्या हाताशी, गुडघ्याच्या पुढे, पिसं वर आणि एकमेकांना न टेकता. कमरेचा भाता दुसऱ्या पसंतीचा. बसल्यावर तो मांडीवर आडवा येतो, म्हणून पट्ट्याला हुक असलेला घ्या आणि बसताना काढून स्टुलाला अडकवा.

चामड्याच्या भात्यावर जूनमध्येच पांढरी बुरशी धरते. मधाच्या पोळ्याच्या मेणाचा पातळ हात द्या आणि प्लास्टिकमध्ये कोंडू नका. लाकडी बाण भात्यात तिरपे ठेवून महिना काढला तर दमट हवेत वाकतात. त्यांना लाखेचे किंवा पॉलियुरेथेनचे तीन हात देऊन उभे किंवा सपाट ठेवा. पिसं दबली असतील तर उकळत्या किटलीच्या वाफेवर बाण फिरवत 10-15 सेकंद धरा, ती पुन्हा उभी राहतात. पिसं चिकटपट्टीने लावलेली असतील तर मात्र वाफेत सुटू शकतात, तेव्हा आधी एका बाणावर करून बघा.