चतकोराचा मानकरी

आमच्याकडे तव्यावर पहिली पोळी पडली की स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर एक काळं धूड येऊन बसतं. गुंड्या. जातीने लॅब्राडोर, वजन 41 किलो. अर्ध्या तासापूर्वीच जेवलेला असतो, पण चेहरा असा, की पाहुण्यांना वाटावं, याला दोन दिवस उपाशी ठेवलंय.

परवा जनावरांच्या डॉक्टरांनी त्याला काट्यावर चढवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी आईकडे पाहिलं. "मी चतकोरच देते हो," आई म्हणाली. प्रत्येक पोळीमागे चतकोर, हे सांगायचं तिने शिताफीने टाळलं.

मी त्याला हावरट म्हणायचे. मग केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधनाबद्दल वाचलं आणि जरा ओशाळले. अंगातली चरबी लेप्टिन नावाचं संप्रेरक रक्तात सोडते. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस असतो, त्याला तिचा निरोप: कोठार भरलंय, आता पुरे. हा निरोप पुढे नेणारी रसायनं 'पीओएमसी' या जनुकाच्या जोरावर बनतात. 2016 साली असं दिसलं, की चारातल्या साधारण एका लॅब्राडोरमध्ये या जनुकाचा बारीकसा तुकडाच गळालेला असतो. त्यामुळे त्यातली दोन रसायनं तयारच होत नाहीत. चरबी बिचारी ओरडून सांगते, वर कुणी ऐकत नाही.

2024 मधला प्रयोग तर वाचताना हसू आलं. झाकणाला भोकं पाडलेल्या पारदर्शक डब्यात सॉसेज ठेवलं. वास येतोय, दिसतंय, मिळत मात्र नाही! जनुकात खोट असलेली कुत्री त्या डब्याशी इतरांपेक्षा कितीतरी जास्त झटली. पण पोटभर खायला दिलं, तेव्हा त्यांनी इतरांहून जास्त काही खाल्लं नाही. म्हणजे पोट भरतं, पण दोन जेवणांच्या मधली भूक पिच्छा सोडत नाही. वर मेंदू काटकसरी: पडल्या पडल्या ही कुत्री सुमारे 25 टक्के कमी ऊर्जा जाळतात. खाण्याची इच्छा जास्त, खर्च कमी. वजन वाढेल नाही तर काय!

गुंड्याची तपासणी आम्ही केलेली नाही. तरी मी हे सगळं आईला उत्साहाने समजावलं. म्हटलं, आता चतकोर बंद, त्याऐवजी गाजर.

तिने लाटणं थांबवून नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे त्याला खरंच भूक लागते. मी इतकी वर्षं तेच सांगतेय."

आणि तव्यावरची पोळी उतरवून तिने चतकोर मोडला.