कुंभारणीचं भोक

ऑक्टोबरातली सोलापूरची दुपार. पंखा गरम हवाच फिरवतोय आणि एक कुंभारीण माशी दाराच्या कुलपाच्या भोकात चिखलाची गोळी घेऊन शिरतेय. बाहेर, आत, पुन्हा बाहेर. चावीचं भोक, रिकामा सॉकेट, बंद नळाचं तोंड, कुठलंही चालतं, फक्त मापाचं हवं. आत एक अंडं, त्याच्या शिदोरीला बधिर केलेल्या अळ्या नाहीतर कोळी, आणि वरून गिलावा.

माणसांचाही भोकं बुजवायचा मोसम हाच. थंडीच्या देशांत म्हणे लेडीबर्ड आणि ढेकणांच्या भाऊबंदांचे थवे उन्हाकडच्या भिंतीवर जमतात, फटीतून आत शिरतात आणि वसंतापर्यंत भिंतीतच मुक्काम ठोकतात. तिथे फटी त्यांच्या आधी बुजवाव्या लागतात. उशीर झाला की ते आतच कोंडले जातात. आपल्याकडे जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेपुरता स्वेटर निघतो, ऊब शोधत कोण येणार? आपल्याकडचे किडे येतात दिव्यासाठी.

म्हणून आधी दिवा, मग फटी. हे उलटं करणारी घरं गल्लोगल्ली आहेत. पाच हजारांची जाळी बसवायची आणि दिवेलागणीला दार सताड उघडून, दारावरच पांढरा दिवा लावायचा. डासांच्या जाळीला इंचात 16 ते 18 भोकं असतात. डास अडतो; चिलट अंग चोरून सरळ आत येतं. जाळी आणखी बारीक घेतली तर वारा अडतो, आणि सोलापुरात वारा अडवणं म्हणजे वेडेपणाच. त्यापेक्षा बाहेर पिवळसर दिवा, दारापासून हातभर लांब. आकाशकंदीलही दाराच्या डोक्यावर नको, गॅलरीच्या टोकाला टांगावा. पूर्वी ट्यूबलाइटला तेल लावलेला कागद लटकायचा. सकाळी त्यावर तुडतुड्यांची रांगोळी, आणि तो कागद कुणी काढायचा यावरून भावंडांत जुंपायची.

आता फटी. चौकट आणि भिंत यांच्यातल्या फटीत लोक व्हाइट सिमेंट भरतात आणि संक्रांतीला तिथेच केसाएवढी चीर दिसते. दोष सिमेंटचा नाही. अ‍ॅल्युमिनियमची चौकट उन्हात वाढते, रात्री आखडते. सव्वा मीटरच्या खिडकीत, वीस अंशांच्या फरकाला, जेमतेम अर्धा मिलिमीटर. सिमेंटला तेवढंही झेपत नाही. तिथे रबरासारखा ताण सोसणारा सिलिकॉनच हवा. पाच मिलिमीटरची रेघ ओढली तर 280 मिलिलिटरची नळी अकरा मीटर पुरते, म्हणजे चार बाय चार फुटांच्या दोन खिडक्या. फट त्याहून रुंद असेल तर आधी फोमची दोरी कोंबावी, नाहीतर सगळी नळी एकाच भोकात गडप होते. दसऱ्याला भिंती धुतल्या असतील तर दोन दिवस कोरडं ऊन खाऊ द्यावं. ओल्यावर सिलिकॉन धरत नाही, चार महिन्यांनी साप कात टाकतो तशी रेघ सुटून येते. काम सकाळी करावं. भर दुपारी चौकट फुगलेली असते, फट खरी दिसत नाही. आणि सिलिकॉनवर रंग बसत नाही, तेव्हा भिंतीच्याच रंगाची नळी मागून घ्यावी.

एक भोक मात्र बुजवू नये: सरकत्या खिडकीच्या खालच्या पट्टीतलं, पाणी वाहून जाण्याचं. मुंग्या तिथूनच येतात हे खरं, पण ते बंद केलं की पुढच्या जूनमध्ये पाणी गादीवर. त्यावर आतून जाळीचा तुकडा चिकटवला की भागतं.

झुरळांची वाट वेगळीच. पाहुण्यांच्या न्हाणीघरात नहाणी ट्रॅपमधलं, म्हणजे मोरीच्या जाळीखालच्या भांड्यात साचून गटाराची वाट अडवणारं पाणी या उन्हात आटतं, की गटाराचं दार उघडंच. आठवड्याला एक तांब्या पाणी ओतायचं, बस. पाणी रोज न येणाऱ्या गावात हा तांब्या जिवावर येतो, पण जाळीवर फवारे मारण्यापेक्षा स्वस्त. दाराखालच्या फटीला रबराची पट्टी. तोवर जुन्या चादरीची घट्ट वळकटी चालते.

राहिली कुंभारीण. कुलपात चावी ढकलून चिखल फोडू नये, तो आत जाऊन बसतो. ओल्या काडीने भिजवून उकरावा. कुलपाच्या भोकावर चिकटपट्टी लावली, की बाई स्विचबोर्डाकडे वळते.