सूर नाही, मग ऐकता काय?

"जन्म तबल्यात गेला आणि कानात रॅप? त्यात ना सूर, ना गाणं. ऐकता तरी काय?" मित्र विचारतात. माझ्याकडे तबला शिकायला येणाऱ्या मुलांचे आईवडील तर काळजीच्या सुरात विचारतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतो.

मी त्यात बोलणं ऐकतो. तालावर चालणारं, तरी तालाशी सतत ओढाताण करणारं.

या संगीताचा जन्मच ठेक्याच्या ओढीतून झाला. ११ ऑगस्ट १९७३ ला न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये सेजविक अ‍ॅव्हेन्यूवरच्या १५२० नंबरच्या इमारतीत सिंडी कॅम्पबेलने पार्टी ठेवली होती. रेकॉर्ड लावायला होता तिचा जमैकात जन्मलेला भाऊ, डीजे कूल हर्क. त्याने एक हेरलं होतं: बाकीचं सगळं थांबून नुसता ड्रम उरला की पोरं खरी नाचतात. तो तुकडा जेमतेम काही सेकंदांचा. मग त्याने एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती शेजारी लावल्या. एकीवरचा तुकडा संपला की दुसरीवर तोच सुरू, तेवढ्यात पहिली मागे फिरवून तयार. ठुमरीत शेवटी लग्गी, म्हणजे तबल्याचा जलद ठेका, लागली की सगळी बैठक सावरून बसते ना, तीच लग्गी कुणी संपूच दिली नाही असं समजा.

अमेरिकन रॅपर रकीमचा १९८७ चा अल्बम ऐकला आणि मी अडकलोच. त्याच्या आधीचे बरेचसे रॅपर आवाज चढवून, ओळीच्या टोकाला यमक ठोकून मोकळे व्हायचे. रकीम सॅक्सोफोन वाजवणारा, जॅझचा सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन मुरवलेला. तो आवाज चढवतच नाही. यमकं ओळीच्या पोटात पेरत जातो. मी मांडीवर चार मात्रा धरून बसतो. पहिल्या मात्रेवर हात पडतो तेव्हा त्याचं वाक्य अर्ध्यावर असतं. ते पुढे सरकतं, दुसरी मात्रा उलटून जातं आणि मग कुठे टेकतं. तिथेच तो श्वास घेतो. समेला हुलकावणी देऊन येणाऱ्या गवयाला आपण जी 'क्या बात है' देतो, ती तोंडून निघून जाते.

आणि डेट्रॉइटचा जे डिला. तो एमपीसी नावाच्या यंत्रावर ठेके बांधायचा. रबरी चौकोनांवर बोटं मारून ठोके भरायचे, मागेपुढे पडलेला ठोका यंत्र आपोआप जागेवर आणतं. डिलाला तसं साचेबंद नको असायचं. त्याच्या ठेक्यात एखादा ठोका रेंगाळतो, एखादा घाई करतो, तिसरा आपला सरळ चालतो, आणि तरीही सगळं एकत्र झुलतं. यंत्रातून असं माणसाचं वजन काढणं हा रियाज आहे, दुसरं काही नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये तो गेला, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी. त्याचं एमपीसी आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात जपून ठेवलंय, आणि ते योग्यच झालं.

शब्दांचं म्हणाल, तर पहिल्यांदा ऐकताना निम्मे निसटतात. तेव्हा नुसती लय ऐकतो, मग शब्द समोर ठेवून पुन्हा. बायकांबद्दल घाणेरडं बोलणारी गाणी खूप आहेत. ती मी बंद करतो, लय कितीही बांधीव असो.

शब्द समोर न ठेवता ऐकता आलं ते मुंबईच्या 'स्वदेसी' या रॅप करणाऱ्या गटामुळे. त्यांचा एमसी मवाली मराठीत रॅप करतो. २०१९ मध्ये त्यांनी आरेतले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन आरेच्या जंगलावर, तिथल्या वारली लोकांवर गाणं केलं. आपले ट, ड, ळ त्या ठेक्यावर असे पडतात की बोटं आपोआप तबल्याच्या शाईवर जातात.

म्हणून पालकांना सांगतो, मुलांना खुशाल ऐकू द्या, फक्त हाताने ताल धरायला लावा. रकीमचं वाक्य कितव्या मात्रेवर संपलं हे ज्याला सांगता येतं, त्याला मी तिहाया, म्हणजे एकच बोल तीनदा वाजवून समेवर येणं, इतरांच्या आधी शिकवायला घेतो.